जुना लाइट मीटर चुकतोय? ‘सेल गेला’ म्हणण्याआधी हे पाहा

जुना, हातात धरून वापरायचा लाइट मीटर, म्हणजे फोटोसाठी उजेड मोजणारं यंत्र, चुकीचं सांगायला लागला की निदान आधीच ठरलेलं असतं: सेल गेला. (सेल म्हणजे इथे बॅटरी नव्हे, उजेड टिपणारा भाग.) मग तो कपाटात जातो, नाहीतर शोभेची वस्तू म्हणून विकला जातो. असे ‘सेल गेलेले’ मीटर मी बरेच उघडले आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच मीटरांत सेल धडधाकट निघाला. कुठे काटाच शून्यावर नव्हता, कुठे बॅटरी चुकीची होती, कुठे कॉन्टॅक्टवर कीट चढलं होतं. काही मीटरांत तर काहीच बिघडलेलं नव्हतं, तुलनाच चुकीची केली होती.

म्हणून खालचा क्रम. सुरुवातीच्या तपासण्यांना स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. पुढे जावं तसतशी मीटर कायमचा बिघडवण्याची शक्यता वाढते, त्यामुळे मधली पायरी गाळून थेट उघडायला बसू नका.

हे सगळं काट्याच्या मीटरांबद्दल आहे: वेस्टन मास्टर, सेकोनिक एल-३९८, लेनिनग्राड, गॉसेन लुनासिक्स आणि त्यांच्यासारखे. आकडे दाखवणाऱ्या डिजिटल मीटरला यातलं फारसं लागू होत नाही.

लक्षणं

आधी दोन शब्द ठरवून घेऊ. मीटर ‘कमी वाचतो’ म्हणजे आहे त्यापेक्षा कमी उजेड आहे असं त्याला वाटतं. त्याचं ऐकलं तर फिल्मवर जास्त उजेड पडतो. ‘जास्त वाचतो’ म्हणजे उलटं, निगेटिव्ह पातळ येते. दुरुस्तीला आलेल्या मीटरबद्दल ‘फोटो काळे येतात’ एवढंच सांगितलं तर काही कळत नाही, कारण निगेटिव्ह काळी की प्रिंट काळी यावर सगळं उलटं होतं.

आता तुमच्या मीटरचं लक्षण यांतलं कोणतं ते बघा:

– काटा अजिबात हलत नाही.
– काटा हलतो, पण एका ठरावीक जागी अडकतो. टिचकी मारली की सुटतो.
– उन्हात, सावलीत, घरात, सगळीकडे सारख्याच फरकाने चुकतो.
– मंद उजेडात बरोबर, पण ऊन वाढेल तसा कमी वाचत जातो.
– उन्हात बरोबर, मंद उजेडात चूक.
– मीटर आडवा धरला की एक वाचन, उभा धरला की दुसरं.
– काटा थरथरतो, वाचन येतं आणि जातं.

यातली मधली तीन लक्षणं फार महत्त्वाची आहेत. ‘किती चुकतो’ हे सगळेच पाहतात. ‘पट्टीच्या कुठल्या टोकाला चुकतो’ हे कोणी पाहत नाही. अर्धं निदान त्यातच असतं. त्याकडे पुढे येतोच.

तुमच्याकडे कोणत्या जातीचा मीटर आहे?

बॅटरीची जागाच नसेल आणि समोर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भिंगांची जाळी किंवा मोठा पांढरा घुमट असेल, तर मीटर बहुधा सेलेनियमचा. सेलेनियमचा सेल उजेडातून स्वतःच वीज तयार करतो आणि त्यावरच काटा हलतो. वेस्टन मास्टर, सेकोनिक एल-३९८, लेनिनग्राड ४ हे या जातीचे. (सेकोनिकचं पुढचं एल-३९८ए बॅटरीशिवायच चालतं, पण त्यात सेलेनियमऐवजी अमॉर्फस सिलिकॉन आहे. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, तेव्हा नावातलं शेवटचं अक्षर बघा.)

बॅटरी लागत असेल तर आत कॅडमियम सल्फाइडचा सेल असतो, म्हणजे सीडीएस, किंवा नंतरच्या काळातला सिलिकॉन. सीडीएस वीज तयार करत नाही, उजेडाप्रमाणे फक्त आपला रोध बदलतो. म्हणजे त्याचं खरं-खोटं बॅटरीच्या व्होल्टवरही अवलंबून असतं. लुनासिक्स ३ या जातीचा.

पहिली तपासणी: डायल, झडप, कुलूप

याला दोन मिनिटं लागतात आणि मीटर दुरुस्त होतो असं वारंवार घडतं.

फिल्मच्या वेगाच्या खिडक्या बघा. जुन्या मीटरांवर एएसए आणि डिन या फिल्मच्या वेगाच्या, म्हणजे तिला किती उजेड लागतो हे सांगणाऱ्या, दोन मोजपट्ट्या शेजारी शेजारी असतात. एएसए १०० म्हणजे डिन २१. २१ हा आकडा चुकून एएसएच्या खिडकीत लावला तर सव्वादोन स्टॉपची चूक होते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि दोष बिचाऱ्या सेलला लागतो. सोव्हिएत मीटरांवर गोस्ट या तिथल्या मोजपट्टीचे आकडे असतात: ३२, ६५, १३०, २५०. जुन्या गोस्टचे ९० म्हणजे साधारण आयएसओ १०० (आयएसओ ही आजची मोजपट्टी, आकडा एएसएचाच). सुरुवातीच्या वेस्टन मीटरांवर वेस्टनची स्वतःची मोजपट्टी आहे, तिथे वेस्टन ८० म्हणजे एएसए १००. हे फरक फार तर एक तृतीयांश स्टॉपचे, पण इतर लहान चुकांत मिसळले की मोठे होतात.

मग उजेड कमी करणारी झडप किंवा पट्टी. वेस्टनच्या मागे भोकं असलेली बिजागरीची झडप असते. प्रखर उजेडात ती बंद करायची, मंद उजेडात उघडायची आणि तिच्याबरोबर समोरची आकड्यांची पट्टीही बदलते. ती अर्धवट उघडी राहत असेल तर वाचन कशाशीच जुळणार नाही. एल-३९८ ला प्रखर उजेडासाठी भोकांची सुटी पट्टी येते आणि ती घातली की डायलवरची ‘एच’ खूण वापरायची असते. पट्टी आत आणि खूण नेहमीची, किंवा याच्या उलट, असं झालं तर कित्येक स्टॉपची गफलत. सेकंडहँड मीटरबरोबर ही पट्टी हमखास हरवलेली असते. त्यामुळे उन्हात काटा टोकाला जाऊन आपटतो आणि लोक म्हणतात मीटर जास्त वाचतो.

शेवटी काटा अडकवून ठेवणारं बटण. ते पुरतं दाबलं जात नसेल तर काटा मोकळाच होत नाही. ‘काटा मेला’ या तक्रारीत हे आधी बघावं.

दुसरी: तुलना नीट करा

मीटर चुकतोय हे तुम्हाला कशावरून कळलं? बहुतेक वेळा उत्तर असतं मोबाइलचं अ‍ॅप किंवा कॅमेऱ्याचा मीटर. तुलनेला दोन्ही चालतात, पण तुलना कशी केली ते महत्त्वाचं. मोबाइल एका कोनातून बघतो, सेलेनियमचा मीटर त्यापेक्षा वेगळ्या कोनातून. समोर आकाश आणि झाड दोन्ही असतील तर दोघं वेगवेगळं बोलणारच, आणि दोघंही खरं बोलत असतील.

एकसारखा उजेड पडलेली सपाट, साधी भिंत घ्या, राखाडी असेल तर उत्तम. दोन्ही उपकरणं इतकी जवळ न्या की भिंतीशिवाय दुसरं काही दिसणार नाही. आपली सावली पडू देऊ नका. घुमट लावून वस्तूवर पडणारा उजेड (तिच्यावरून परतणारा नव्हे) मोजत असाल तर दुसरं उपकरणही पडणारा उजेडच मोजणारं हवं. घुमट लावलेल्या मीटरची तुलना भिंतीकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याशी करायची नाही.

आणि तुलना दिवसाच्या उजेडात करा. सेलेनियम, सीडीएस आणि सिलिकॉन यांना वेगवेगळे रंग वेगवेगळे दिसतात. जुन्या पिवळ्या बल्बखाली किंवा एलईडीखाली दोन धडधाकट मीटरांमध्येही फरक येतो.

तुलनेला काहीच नसेल तर ऊन आहे. निरभ्र आकाश, भर दुपार, आयएसओ १००, पडणारा उजेड: १/१२५ सेकंदाच्या शटरला एफ/१६ चं छिद्र, म्हणजे ईव्ही १५ (ईव्ही हा शटर आणि छिद्र मिळून होणारा एक्स्पोजरचा आकडा). याच्या अर्ध्या स्टॉपच्या आत असाल तर वरच्या टोकाची काळजी मिटली.

सीडीएसवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: या सेलला आधीचा उजेड आठवतो. उन्हातून आत येऊन लगेच मंद उजेडात वाचन घेतलं तर ते चुकीचं येतं. काही मिनिटं झाकून ठेवा आणि मग घ्या. हा दोष नाही, या सेलचा स्वभावच तसा आहे.

तिसरी: मळ आणि स्थिर वीज

काटा एका बाजूला खेचला जातो, मध्येच थांबतो, बोट फिरवलं की बोटामागे येतो: ही स्थिर विजेची लक्षणं. काट्यावरची खिडकी प्लास्टिकची असते. ती कोरड्या कापडाने चोळून पुसली की तिच्यावर विजेचा भार जमतो आणि इतका हलका काटा तिच्याकडे ओढला जातो. गंमत म्हणजे मीटर विकायच्या आधी लोक नेमकं हेच करतात, चकाचक पुसतात. उपाय फुकट आहे: खिडकीवर तोंडाची वाफ सोडा. काटा सुटला तर निदान पक्कं. मग किंचित ओल्या कापडाला भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब लावून हलक्या हाताने पुसा आणि न चोळता वाळू द्या.

खिडकीवर अल्कोहोल वापरू नका. ॲक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात आणि ते परत निघत नाहीत.

भिंगांची जाळी आणि घुमट मऊ ब्रशने झाडा. पिवळा पडलेला किंवा धुरकट झालेला घुमट उजेड खातो आणि सगळ्या पट्टीवर सारखाच खातो. असा सारखा दोष हा सगळ्यात निरुपद्रवी प्रकार.

चौथी: शून्य

सेल पूर्ण झाका. बोटाने भागत नाही, जाड काळं कापड घ्या. काटा शून्याच्या खुणेवर यायला हवा. नसेल तर मीटरच्या मागे किंवा पुढे एक छोटा स्क्रू असतो, त्याने काटा खुणेवर आणा. अगदी थोडा फिरवा, मीटर ज्या स्थितीत धरून वापरता त्याच स्थितीत धरून फिरवा, आणि मध्ये टिचकी मारत राहा म्हणजे काटा घर्षणाने अडकून राहणार नाही. बॅटरीच्या मीटरमध्ये शून्य बघताना बॅटरी काढून ठेवा.

शून्य एवढं महत्त्वाचं का? मंद उजेडात काटा मुळातच थोडा हलतो. तिथे काट्याच्या एका जाडीएवढी चूकही एक-दोन स्टॉपची होते. उन्हात तीच चूक दिसतसुद्धा नाही. ‘उन्हात बरोबर, घरात चूक’ या तक्रारीचं पहिलं कारण हे असतं, सेल नाही.

स्क्रू फिरवूनही काटा शून्यावर येत नसेल किंवा स्क्रू टोकाला जाऊन अडत असेल तर जोर लावू नका. आत केसाएवढ्या स्प्रिंगला पीळ पडलेला असतो. तिथे तुमचं काम संपलं.

पाचवी: बॅटरी (सेलेनियमवाल्यांनी पुढे जावं)

१९६० आणि ७० च्या दशकांतले बहुतेक सीडीएस मीटर १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी बॅटरीवर बेतलेले आहेत. लुनासिक्स ३ ला पीएक्स ६२५ च्या दोन लागतात. या बॅटऱ्यांवर अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने आणि युरोपीय संघात २००० पासून बंदी आली. आता ‘६२५’ नावाने जी मिळते ती अल्कलाइन असते, १.५ व्होल्टची. बसते अगदी बरोबर, आणि तिथेच फसवते.

मर्क्युरी बॅटरीची खुबी अशी की ती शेवटपर्यंत जवळजवळ तेवढेच व्होल्ट देते आणि मग एकदम संपते. अल्कलाइन पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरते. साध्या सर्किटचा मीटर आधी जास्त वाचतो, काही आठवड्यांनी बरोबर येतो आणि मग कमी वाचायला लागतो. ‘माझा मीटर कधी बरोबर असतो, कधी नाही’ असं कोणी म्हणालं की मी बॅटरीचं झाकण उघडायला सांगतो. बॅटरी टेस्टच्या बटणावरही विसंबू नका. बरीच बटणं व्होल्ट पुरेसे आहेत एवढंच सांगतात, जास्त झालेत हे सांगत नाहीत.

पर्याय तीन. एक, झिंक-एअर: ऐकायच्या यंत्रातली ६७५ नंबरची बॅटरी १.४ व्होल्टच्या आसपास स्थिर राहते. तिचा व्यास ६२५ पेक्षा कमी असतो, त्यामुळे भोवती कडं लागतं, आणि तिच्या वरची भोकं बुजवायची नाहीत, कारण ती हवेवर चालते. स्टिकर काढला की दोन-तीन महिन्यांत संपते, वापरा किंवा न वापरा. दोन, सिल्व्हर ऑक्साइड एसआर ४४ आणि तिच्याबरोबर शॉट्की डायोड, जो दोन दशांश व्होल्टच्या आसपास पाडतो. असे तयार अडॅप्टर मिळतात. तीन, सिल्व्हर ऑक्साइडवर पूर्ण मीटर पुन्हा जुळवून घेणं, ते कारागिराचं काम. मला स्वतःला दुसरा पर्याय पसंत आहे. बॅटरी टिकते आणि व्होल्टही हलत नाहीत.

ब्रिज सर्किटवर चालणाऱ्या, म्हणजे काटा मध्यावर आणून वाचायच्या काही मीटरांना व्होल्टच्या फरकाने काही होत नाही. तुमचा त्यातला असेल तर व्होल्टबद्दलचं वरचं सगळं विसरा.

आता कॉन्टॅक्ट. गळलेल्या बॅटरीचं पांढरं-हिरवं कीट अल्कलीचं असतं. कापसाच्या बोळ्याला किंचित व्हिनेगर लावून ते विरघळवा, मग डिस्टिल्ड पाण्याचा बोळा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, आणि पूर्ण वाळू द्या. व्हिनेगर ओतायचं नाही. आत गेलेला थेंब पुढच्या वर्षी त्रास देतो. सँडपेपरने कॉन्टॅक्ट घासू नका, मुलामा निघाला की गंज पुन्हा आणि लवकर चढतो.

कॉन्टॅक्ट चमकतोय, तरी वाचन येतं-जातं? मग तिथून निघणारी वायर संशयित. अल्कली प्लास्टिकच्या आवरणाखालून वायरमध्ये लांबवर चढत जाते. बाहेरून वायर ठीक दिसते, आतलं तांबं काळं आणि ठिसूळ झालेलं असतं. अशी वायर साफ होत नाही, बदलावीच लागते, आणि जुन्या टोकाला सोल्डर धरत नाही हीच तिची खूण.

जुनी मर्क्युरी बॅटरी आतच फुगलेली सापडली तर उकरून काढू नका आणि फोडू तर मुळीच नका. हातमोजे घालून निघाली तर बंद पिशवीत घालून ई-कचऱ्याच्या ठिकाणी द्या. निघत नसेल तर मीटर तसाच कारागिराकडे न्या.

सहावी: मीटर तिरका करून बघा

सेल झाकून मीटर आडवा, उभा, उजवीकडे, डावीकडे असा फिरवा. काटा शून्याजवळच राहायला हवा. अगदी थोडं हलणं चालतं, पण दोन-तीन खुणांनी सरकत असेल तर काट्याचा तोल बिघडलेला आहे किंवा टोकाचं बेअरिंग खराब झालंय. मीटर पडला असेल तर हे हमखास. मग हळूहळू उजेड वाढवत काटा खालून वरपर्यंत नेऊन बघा. प्रत्येक वेळी त्याच जागी अडकत असेल तर चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कण बसलाय.

दोन्ही दोष काट्याच्या यंत्रणेतले. सेल बदलून काहीही होणार नाही. आणि हे घरी करायचं काम नाही, पुढे सांगतो.

सातवी: कुठल्या टोकाला चुकतो?

आता वही घ्या. एका अंधाऱ्या खोलीत एकच छोटा बल्ब लावा, भिंती शक्य तितक्या लांब. मीटरला घुमट लावून बल्बकडे तोंड करा. बल्बपासून ५० सेंटिमीटर, मग ७०, मग १ मीटर, मग १.४० मीटर. अंतर साधारण १.४ पट झालं की उजेड निम्मा, म्हणजे प्रत्येक पायरीला बरोबर एक स्टॉप उतरायला हवा. इथे दुसऱ्या मीटरची गरजच नाही. तुमचा मीटर स्वतःशीच खरं बोलतो का एवढंच बघायचंय. दिवसाच्या उजेडात तीन-चार ठिकाणी घेतलेली तुलनाही शेजारी लिहा.

फरक सगळीकडे सारखा असेल तर बहुधा घुमट, मळ, फिल्मच्या वेगाची पट्टी किंवा थोडा थकलेला सेल. असा मीटर मी उघडतच नाही. एक स्टॉप कमी वाचतोय? आयएसओ १०० ची फिल्म असेल तर डायलवर २०० लावा, मीटरच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवा आणि फोटो काढायला जा. सारखा फरक हा बिघाड नाही.

फरक फक्त मंद उजेडात असेल तर पुन्हा शून्याकडे जा. तिथे सगळं ठीक असेल आणि मीटर बॅटरीचा असेल तर सेलची आठवण किंवा कमी पल्ल्याचा स्विच. स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, बॅटरी काढून तो नुसता पंचवीस-तीस वेळा इकडून तिकडे केला तरी पुष्कळदा सुधारतो.

सेलेनियम मीटर मंद उजेडात बरोबर आणि उजेड वाढेल तसा कमी वाचत असेल, तर वाटेत कुठेतरी रोध वाढलाय. सेलेनियमचा सेल थोडी वीज बनवतो तेव्हा ती सगळी काट्याकडे जाते. वीज वाढली आणि वाटेत रोध असला की सेलवरचे व्होल्ट चढतात आणि वाढीव वीज सेलच्या आतच जिरायला लागते. म्हणून उन्हात मीटर मागे पडतो. हा रोध सेलच्या आतला असू शकतो, पण त्याआधी सेल आणि त्याला टेकणारी स्प्रिंग यांच्यामधला असू शकतो, आणि तो साफ करता येतो. मीटर उघडायचं खरं कारण हे एकच.

आठवी: उघडणं

यापुढे पैसे लागत नाहीत, पण हात स्थिर लागतो. कडा असलेल्या ताटलीत काम करा. डायलच्या खाली बारीक गोळ्या आणि स्प्रिंगा असतात आणि त्या उडतात. डायल काढण्याआधी त्याची स्थिती पेन्सिलने खूण करून ठेवा, नाहीतर जोडताना एका दात्याने चुकलात की मीटर कायमचा खोटारडा. प्रत्येक पायरीचा फोटो काढा. स्क्रू कधी नावाच्या पट्टीखाली किंवा चामड्यासारख्या आवरणाखाली लपलेले असतात. चुंबक लावलेला स्क्रू ड्रायव्हर यंत्रणेजवळ नेऊ नका, लोखंडाचे कण तिथेच जाऊन बसतात.

सेलेनियमचा सेल म्हणजे धातूची चकती किंवा पट्टी, वर सेलेनियमचा थर, त्यावर पारदर्शक वाहक थर आणि कडेने धातूची वळी. एक स्प्रिंग मागच्या धातूला टेकते, दुसरी कडेच्या वळीला. ही दुसरी जागा सगळ्यात नाजूक आणि तिथेच काळपटपणा येतो. लाकडी टूथपिकला अल्कोहोलचा किंचित ओलावा देऊन स्प्रिंगचं टोक आणि वळीवरची नेमकी तेवढीच जागा हलकेच पुसा. स्प्रिंग जरा वाकवून दाब वाढवा. बऱ्याचदा एवढ्यावर काटा पूर्वीसारखा चढायला लागतो.

सेलचा उजेड घेणारा भाग घासायचा नाही, त्यावरचं लॅकर काढायचं नाही. त्या थरांत सेलेनियम आणि कॅडमियम असतं, धूळ नाकात जाता कामा नये. सेलवर सोल्डर तर मुळीच करू नका, उष्णतेने थर जातो.

नववी: सेल की काटा?

अजूनही मेलेलाच असेल तर दोघांना वेगळं करून तपासा. इथे एक सक्त सूचना: काट्याची कॉइल मल्टिमीटरच्या ओहम पल्ल्यावर तपासू नका. हा काटा काही दहा-वीस मायक्रोअँपिअरवर हलतो आणि मल्टिमीटर त्यातून त्याच्या कित्येक पट वीज सोडतो. काटा टोकाला आपटून वाकतो. त्याऐवजी १.५ व्होल्टची बॅटरी आणि तिच्यासोबत एका ओळीत १०० किलोओहमचा रेझिस्टर घ्या. यातून १५ मायक्रोअँपिअर जातात. काटा हलला तर कॉइल जिवंत. नाही हलला तर ४७ किलोओहम लावून बघा, तीस-बत्तीस मायक्रोअँपिअर होतात. तरीही नाही, उलटसुलट जोडूनही नाही, तर कॉइलची तार तुटली आहे.

सेल मात्र मल्टिमीटरवर तपासता येतो, मायक्रोअँपिअरच्या पल्ल्यावर. व्होल्ट बघून सेलला पास करू नका. मरायला टेकलेला सेलही उन्हात बरे व्होल्ट दाखवतो, वीज मात्र देत नाही. उजेड दुप्पट केल्यावर करंट जवळजवळ दुप्पट होतो का ते बघा. होत नसेल तर सेल खरोखरच गेला, आणि आता ते म्हणायला हरकत नाही.

उन्हात ठेवून सेलेनियम ‘चार्ज’ होतो ही समजूत आहे. त्यात चार्ज होण्यासारखं काही नसतं. सेलला बहुतेक वेळा ओल मारते, म्हणून कोरड्या जागी ठेवणं एवढंच हातात असतं.

गेलेल्या सेलच्या जागी कॅल्क्युलेटरमधली सोलर पट्टी बसवायचा उद्योग बरेच जण करतात. काटा हलतो, आनंद होतो. पण छापलेली पट्टी सेलेनियमच्या वळणाप्रमाणे आहे आणि सिलिकॉनला रंगही वेगळे दिसतात. एका जागी जुळवलं की दुसरीकडे सुटतं. खेळ म्हणून करा, स्लाइड फिल्म त्याच्या भरवशावर काढू नका.

कुठे थांबायचं

शून्याचा स्क्रू टोकाला अडला, काटा वाकला, स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटली, तिरकं केल्यावर काटा पळतो, चुंबकाच्या फटीत कण अडकलाय, कॉइल तुटली: यातलं काहीही दिसलं की झाकण लावा आणि मीटरची यंत्रणा दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. घड्याळाच्या हाताचं काम आहे, आणि एकदा चिमट्याने स्प्रिंग ओढली की नंतर कारागीरही हात वर करतो. सीडीएस सेल बदलणं आणि आतले छोटे ट्रिमर (वाचन जुळवायचे स्क्रू) फिरवणं हेसुद्धा त्याच्याकडेच. ट्रिमर जुळवायला ठरावीक, मोजलेला उजेड लागतो आणि दोन टोकं एकमेकांना हलवतात. रंगाने सील केलेला ट्रिमर दिसला तर त्याला हात लावू नका.

सेलेनियमचा सेल खरोखर गेला असेल तर आधी हिशेब करा. नवा सेल मिळणं कठीण, आणि चांगला सेल असलेला दुसरा तसाच मीटर पुष्कळदा दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतो. मग पहिल्याचे डायल, घुमट, झडप सुटे भाग म्हणून ठेवता येतात.

कारागिराकडे देताना ‘चुकतो’ एवढं सांगू नका. सातव्या तपासणीचा वहीतला कागद द्या, कोणती बॅटरी वापरता ते सांगा, मीटर कधी पडला होता का ते सांगा, आणि तुम्ही उघडला असेल तर तेही सांगा. सुटी पट्टी, घुमट, अडॅप्टर सगळं मीटरबरोबर द्या, कारण मीटर जुळवताना घुमट तुमचाच असायला हवा.